डोळ्यातील फूल : बुऱ्हाणपूरच्या इतिहासाच्या संदर्भात एका व्याधीचा मागोवा

प्रास्ताविक

डोळ्याच्या काळ्या भागावर पडणाऱ्या पांढऱ्या डागाला मराठीत ‘फूल’ म्हणतात. बुऱ्हाणपूरच्या उर्दू बोलीत तोच ‘फुल्ली’ किंवा ‘जाला’ होतो. नाव नाजूक असले तरी व्याधी कठोर आहे. मोतीबिंदू प्रायः उतारवयात येतो आणि शस्त्रक्रियेने निघतो. फूल मात्र बहुधा बालपणी किंवा ऐन कमावत्या वयात पडते आणि जन्मभर सोबत राहते. भारत सरकारच्या २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणानुसार पन्नाशीपुढील लोकांमध्ये अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू हे होते, तर पन्नाशीच्या आतील लोकांमध्ये सर्वांत मोठे कारण बुबुळावरील डाग हे होते आणि त्याचे प्रमाण ३७.५ टक्के आढळले. तरुणांच्या अंधत्वाचा विचार करायचा तर या व्याधीचा विचार अपरिहार्य ठरतो.

व्याधींनाही इतिहास असतो. कोणत्या काळात, कोणत्या कारणाने आणि कोणाच्या डोळ्यांत फूल पडले, यावरून त्या काळचे अन्न, पाणी, धंदा आणि राज्यव्यवस्था यांचा अंदाज येतो. प्रस्तुत लेखात तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहराच्या संदर्भात या व्याधीची कारणे व परिणाम यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

रचना आणि नावे

डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याला मराठी शास्त्रीय परिभाषेत ‘पारपटल’ म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी सुमारे अर्धा मिलिमीटर आणि व्यास ११ ते १२ मिलिमीटर असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या जाडीचा जवळजवळ नऊ दशांश भाग अतिसूक्ष्म तंतूंच्या थरांचा असतो आणि हे तंतू समान अंतरावर, नेमक्या रांगांत बसवलेले असतात. विणकरांच्या या शहरात हे समजावून सांगणे सोपे आहे. ताणा आणि बाणा जागच्या जागी असला की कापड सारखे दिसते, एक तार तुटून गाठ पडली की तेथे दोष उमटतो. पारपटलाचेही तसेच आहे. अगदी वरचे आवरण खरचटले तर ते काही दिवसांत भरून येते व खूण राहत नाही. जखम खालच्या तंतूंपर्यंत गेली, की नवे तंतू वेडेवाकडे भरतात, प्रकाश विखुरतो आणि तेथे पांढरा वण राहतो.

अरबी वैद्यकात या पडद्याला ‘करनिया’, म्हणजे शिंगासारखा, असे नाव आहे. हुनैन बिन इसहाक (मृत्यू ८७३) याच्या नेत्रविषयक दहा प्रबंधांत डोळ्याच्या पडद्यांचे पद्धतशीर वर्णन आढळते. युरोपातील वैद्यांनी वापरलेला लॅटिन शब्दही शिंगावरूनच बनलेला आहे. इब्ने सीना (९८० ते १०३७) याने ‘अल-कानून’मध्ये या डागाचे दोन प्रकार केले. वरच्या पृष्ठभागावरील पातळ डागाला ‘गमाम’ म्हणजे ढग, आणि दाट डागाला ‘बयाज’ म्हणजे पांढरेपणा. आजचे नेत्रवैद्य फिकट, मध्यम व दाट असे तीन प्रकार मानतात आणि फिकट डागासाठी ते वापरत असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही ढग असाच आहे. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कृष्णमंडलाच्या रोगांमध्ये ‘सव्रण शुक्र’ आणि ‘अव्रण शुक्र’ असा भेद आहे. व्रण चालू असणे आणि व्रण भरून डाग उरणे या दोन अवस्था त्यात वेगळ्या केल्या आहेत.

याच संदर्भात सूरह यूसुफमधील एक उल्लेख लक्षणीय आहे. पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांचे डोळे पांढरे झाले, असे तेथे म्हटले आहे. त्यासाठी आलेले क्रियापद आणि वैद्यकातील ‘बयाज’ ही संज्ञा एकाच धातूपासून झालेली आहेत. दृष्टी जाणे म्हणजे डोळा पांढरा होणे, हा अनुभव त्या भाषेत किती खोल रुजला होता, हे यावरून ध्यानात येते.

शाहजादा खुसरोचे डोळे

बुऱ्हाणपूरच्या इतिहासात डोळ्यांच्या इजेचे सर्वांत प्रसिद्ध प्रकरण एका राजपुत्राचे आहे. जहांगीरचा ज्येष्ठ पुत्र खुसरो याने १६०६ साली बंड केले. पुढच्याच वर्षी काबूल येथे नवा कट उघडकीस आल्यावर त्याला आंधळे करण्यात आले. हे कसे केले याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. ‘इंतिखाब-ए-जहांगीरशाही’ या फारसी वृत्तांतात डोळ्यांत तार घातल्याचे सांगितले आहे. युरोपीय प्रवाशांनी वेगवेगळ्या कथा ऐकून लिहिल्या आहेत. कोणी डोळे भाजल्याचे लिहितो, कोणी पापण्या शिवल्याचे.

फारसी वृत्तांताचा पुढील भाग अधिक महत्त्वाचा आहे. बापाचे मन द्रवल्यावर इस्फहानचा हकीम सद्रा याने उपचार केले. एका डोळ्याची दृष्टी पूर्ववत झाली, दुसऱ्यात दोष राहिला, आणि हकिमाला ‘मसीह-उज-जमाँ’ हा किताब मिळाला. आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात हे वर्णन अशक्य वाटत नाही. तारेची जखम पारपटलाच्या मध्यापासून दूर राहिली किंवा वरच्या आवरणापुरती राहिली, तर दृष्टी परत येऊ शकते. ती मध्यभागी खोल गेली, तर डाग राहतो व दृष्टी अधू होते. १६१७ साली इंग्रज वकील सर टॉमस रो याची खुसरोशी भेट झाली तेव्हा तो वावरू-बोलू शकत होता. पुढे त्याला खुर्रमच्या म्हणजे भावी शाहजहानच्या ताब्यात देण्यात आले आणि १६२२ साली बुऱ्हाणपुरात त्याचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण पोटशूळ असल्याचे कळवण्यात आले, पण खुनाचा संशय तेव्हापासून आजतागायत कायम आहे. त्याचे शव पुढे अलाहाबादला नेण्यात आले. तेथील खुसरो बाग त्याच्याच नावाने ओळखली जाते.

खुसरोच्या डोळ्यांची नोंद झाली, कारण तो शाहजादा होता. त्याच शहरातील सामान्य माणसाच्या डोळ्यांचा शोध अन्य मार्गाने घ्यावा लागतो.

दुष्काळ, अन्न आणि रातांधळेपणा

१६३० ते १६३२ या काळात गुजरात व दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. शाहजहानचा मुक्काम त्या वेळी बुऱ्हाणपुरात होता. अब्दुल हमीद लाहोरीच्या ‘बादशाहनामा’नुसार बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडण्यात आले आणि बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांत वाटले जात. याच काळात, जून १६३१ मध्ये, मुमताज महलचे येथे निधन झाले. सततच्या अश्रूंमुळे बादशहाला चष्मा वापरावा लागला, अशी दरबारी नोंद आहे. बादशहाच्या डोळ्यांची दखल अशी इतिहासात आली. लंगरासमोर उभ्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांचे काय झाले असेल, याचे उत्तर आज पोषणशास्त्र देते.

दूध, तूप, अंडी, कलेजी, हिरव्या पालेभाज्या आणि पिवळी फळे यांतून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते. ते कमी पडले की प्रथम संधिप्रकाशात दिसेनासे होते. यालाच मराठीत रातांधळेपणा आणि युनानीत ‘शबकोरी’ म्हणतात. पुढे डोळा कोरडा पडतो आणि शेवटी पारपटल मऊ होऊन काही तासांत किंवा दिवसांत वितळते. मूल वाचले तर डोळ्यात दाट फूल राहते. त्यातच गोवर झाला तर शरीरातील उरलासुरला साठाही संपतो. म्हणून कोणताही मोठा दुष्काळ आपल्यामागे अंध मुले ठेवून जातो, असे म्हणणे शास्त्राला धरून आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या मध्य प्रांतातील दुष्काळांनाही हेच लागू पडते.

रातांधळेपणावर बकऱ्याची कलेजी द्यावी, असा उपाय युनानी आणि आयुर्वेद या दोन्ही परंपरांत सांगितला आहे. कलेजीत अ जीवनसत्त्वाचा साठा असतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. हकीम-वैद्यांना कारण ठाऊक नव्हते, पण अनुभवाने उपाय नेमका सापडला होता. मात्र दुष्काळात कलेजी कोणाला परवडणार, हा प्रश्न वैद्यकाच्या कक्षेबाहेरचा होता. स्वतंत्र भारतात १९७० साली लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली. नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत एकूण नऊ डोस दिले जातात. पहिला एक लाख युनिटचा व पुढील प्रत्येकी दोन लाखांचे असतात.

देवी आणि तिची खूण

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डोळ्यात फूल पडण्याचे एक मोठे कारण देवीचा रोग हे होते. महाराजा रणजितसिंग यांचा डावा डोळा बालपणी देवीनेच गेला होता. तापात पापण्या सुजून चिकटत, आत पू साचे, पारपटलावर व्रण होई आणि उपासमारीने क्षीण झालेल्या मुलात तो व्रण लवकर पसरे.

हा धोका अबू बक्र अल-राजी (मृत्यू सुमारे ९२५) याने ओळखला होता. देवी आणि गोवर यांवरील त्याच्या स्वतंत्र ग्रंथात डोळ्यांच्या रक्षणाचा विचार आवर्जून केला आहे. पुरळ दिसू लागताच डोळ्यांत गुलाबपाणी व सुमाकाचा अर्क घालावा, असा त्याचा सल्ला आहे. औषधाची मात्रा आज मान्य होणार नाही, पण आजारपणात डोळे उघडून स्वच्छ ठेवावेत हे तत्त्व खरे होते. आपल्याकडे मात्र देवी आल्या की औषध न करणे हीच रीत होती. घराला कडुनिंबाचा पाला लागे आणि रोग्याला शांत ठेवले जाई. त्या शांततेत अनेकांचे डोळे गेले.

मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचण्यात आली आणि तेथून ती इतरत्र पसरली. बुऱ्हाणपूर १८६० च्या सुमारास शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले. १८८० च्या कायद्याने जेथे तो लागू केला जाईल अशा नगरपालिकांत लहान मुलांना ‘देवी काढणे’ सक्तीचे करता येऊ लागले. लोकांचा विरोधही मोठा होता. हातावर टोचल्याने धर्म बाटेल, सरकार खूण करून मुले नेईल, अशा समजुती सर्व समाजांत पसरल्या होत्या. १९६२ साली राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, १९७५ साली देशातील अखेरचे रुग्ण आढळले आणि १९८० साली जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. एका लसीने फुलाचे एक शतकानुशतकांचे कारण समूळ नाहीसे केले. वैद्यकाच्या इतिहासात याला तोड नाही.

खुपऱ्या, पाणी आणि सुरम्याची सळई

दुसरे जुने कारण खुपऱ्यांचे. उर्दूत त्यांना ‘रोहे’ आणि अरबी ग्रंथांत ‘जरब’ म्हणतात. बगदादच्या अली बिन ईसा याच्या ‘तजकिरतुल कह्हालीन’ या सुमारे इ.स. १००० मधील ग्रंथात त्यांचे सविस्तर वर्णन आहे. पापणीच्या आत दाणे येतात, वर्षानुवर्षे संसर्ग होत राहतो, पापणी आत वळते आणि तिचे केस प्रत्येक मिचकावणीला पारपटलावर घासतात. त्या घर्षणाने डोळा हळूहळू पांढरा होतो.

या रोगाचा पाण्याशी थेट संबंध आहे. तोंड धुण्यास पाणी नसेल, एकच पंचा घरभर फिरत असेल, माश्या असतील, तेथे तो पसरतो. बुऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानानच्या सुभेदारीच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारी मार्गाने शहरात आणणारा कुंडी भंडारा बांधला गेला. जलव्यवस्थापनाचा उत्कृष्ट नमुना म्हणून त्याचे वर्णन नेहमी होते. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही त्याचा अभ्यास व्हायला हवा, कारण भरपूर व स्वच्छ पाणी ही खुपऱ्यांविरुद्धची पहिली संरक्षक भिंत आहे. वुजूत दिवसातून अनेकदा चेहरा धुतला जातो, हा त्या दृष्टीने हितकारक संस्कार आहे. परंतु तोंड पुसण्याचा रुमाल आणि सुरम्याची सळई घरात सर्वांची एकच असेल, तर धुण्याचा लाभ तेथेच संपतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक सुरम्यांत शिसे असते, हेही लक्षात ठेवावयास हवे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे मान्य केले.

माग, शेत आणि चुना

देवी गेली, खुपऱ्या ओसरल्या, तरी फूल गेले नाही. त्याची कारणे आता रोगराईपेक्षा धंद्यात अधिक आहेत. बुऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर आहे आणि विणकर मोमीन समाजाची येथे मोठी वस्ती आहे. वेगाने धावणारा धोटा उडाला, पिकर किंवा तुटलेल्या भागाची चीप उडाली, तर नेम डोळ्याचाच लागतो. वेल्डिंग व दगडफोडीच्या कामातही हाच धोका आहे. डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा असेल तर यातील बहुतेक इजा टळू शकतात.

भोवतालच्या गावांत केळी, कापूस आणि ऊस यांची शेती आहे. पानाचा फटका किंवा काडीचा ओरखडा लागला की वनस्पतीवरील बुरशी जखमेत शिरते. बुरशीचा व्रण सुरुवातीला फारसा दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. त्यातच दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब घातले तर लाली कमी होते, रोग्याला बरे वाटते आणि आत बुरशी फोफावते. मध, कांद्याचा रस, खडीसाखरेची पूड, आईचे दूध असे घरगुती उपाय व्रणाला हमखास नवा संसर्ग देतात. जाळे काढणाऱ्या फिरत्या वैदूंकडे जाऊन डोळा गमावणेही यातच येते.

तिसरे कारण पानदानातले आहे. चुना डोळ्यात उडाला तर तो आत मुरत जातो आणि पारपटल दुधाळ होते. प्लास्टिकच्या पुडीतील चुना मुलांनी दाबला की तो थेट डोळ्यात जातो. अशा वेळी तत्काळ, किमान पंधरा-वीस मिनिटे, स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहणे आणि मग दवाखाना गाठणे हाच उपाय आहे. दवाखान्यात जाण्याच्या घाईत धुणे राहून गेले, तर डोळा हातचा जातो.

व्यक्ती आणि समाज यांवरील परिणाम

डाग बाहुलीसमोर असेल तर दृष्टी जाते. कडेला असेल तर दिसते, पण पृष्ठभाग वाकडा झाल्याने प्रतिमा विस्कटते आणि दिव्याभोवती किरण पसरलेले दिसतात. फिकट डागही बाहुलीसमोर असला तर कडेच्या दाट डागापेक्षा अधिक त्रास देतो. लहान वयात डाग पडला तर मेंदू त्या डोळ्याचा उपयोग करणेच सोडतो आणि पुढे डाग दूर केला तरी दृष्टी पुरती येत नाही. म्हणून मुलांच्या बाबतीत प्रत्येक महिना मोलाचा असतो.

सामाजिक परिणाम त्याहून खोल आहेत. मोतीबिंदू बाहेरून सहसा जाणवत नाही, फूल मात्र समोरच्याला प्रथम दिसते. ‘काना’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जातो, शुभकार्यात अशा माणसाला टाळले जाते. मुलीच्या डोळ्यात फूल असेल तर तिचे लग्न अडते आणि लग्नाच्या आशेने तिचे शिक्षणही अर्धवट सोडवले जाते. इस्लामी परंपरेची दिशा याच्या उलट आहे. हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) हे अंध सहाबी होते. त्यांच्याकडे क्षणभर दुर्लक्ष झाल्याबद्दल सूरह अबसमध्ये ताकीद आली, आणि पुढे ते मदीनेचे मुअज्जिन झाले. अंध हाफिजांची परंपरा आपल्या मदरशांत चालत आली आहे. परंतु हिफ्ज हीच अंध मुलाची एकमेव वाट मानणे आज पुरेसे नाही. मुंबईत १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंध विद्यालय सुरू झाले आणि १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान ब्रेल लिपी स्वीकारण्यात आली. ही दारे उघडूनही आता बराच काळ लोटला आहे.

नेत्ररोपण आणि फिक्हचा प्रश्न

जुन्या वैद्यांनी डाग घासून किंवा झाकून पाहिला. गॅलनच्या काळात तर पांढऱ्या डागाला रंग देऊन काळा करण्याचा प्रयोगही झाला होता. दृष्टी परत आणण्याचा मार्ग मात्र ७ डिसेंबर १९०५ रोजी सापडला. मोराविया प्रांतात डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी चुन्याने भाजलेल्या एका मजुराच्या डोळ्यात दुसऱ्याचे पारपटल बसवले. दाता एक ११ वर्षांचा मुलगा होता आणि त्याचा इजा झालेला डोळा काढावा लागला होता. भारतात पहिली नेत्रपेढी १९४५ साली मद्रास येथे स्थापन झाली. बुऱ्हाणपूरकर ज्या इंदूरला उपचारासाठी जातात, तेथे १९६० साली प्रा. आर. पी. धांडा यांनी केलेले रोपण देशातील पहिल्या यशस्वी रोपणांत गणले जाते. रोपणाला लागणारे पारपटल मात्र मृत दात्याकडूनच येते, आणि येथे मुस्लिम समाजासमोर शरीअतचा प्रश्न उभा राहतो.

भारतीय उपखंडातील अनेक मुफ्तींनी मरणोत्तर अवयवदानाला विरोध केला आहे. मानवी देह ही अल्लाहची अमानत आहे, माणूस तिचा मालक नाही, आणि मृताचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखे आहे, या हदीसवर त्यांची भूमिका आधारलेली आहे. दुसरीकडे जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मधील ठरावात वेगळा निर्णय दिला. एखाद्याचा जीव किंवा शरीराचे मूलभूत कार्य अवलंबून असेल, आणि मृताने हयातीत किंवा त्याच्या वारसांनी संमती दिली असेल, तर मृताचा अवयव रोपणासाठी घेणे तिने वैध ठरवले. आजारामुळे काढलेल्या डोळ्याचे पारपटल दुसऱ्यास देणेही त्यात मान्य आहे. झिर्मची पहिली शस्त्रक्रिया नेमकी याच प्रकारची होती. जिवंत माणसाने दोन्ही पारपटले देणे मात्र निषिद्ध मानले आहे.

दोन्ही मतांमागे विद्वत्ता व तळमळ आहे. निर्णय उलेमांनी द्यावयाचा आहे. पण त्यांच्यापुढे वस्तुस्थिती नेमकी मांडली जावी, हे अध्यापकांचे काम आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रसंकलन व्हावे लागते, त्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात, चेहरा विद्रूप होत नाही आणि जनाजाला उशीर होत नाही. विचारणीय गोष्ट अशी की, रोपण करून घेण्यास आपल्याकडे फारसा कोणी नकार देत नाही. घेणे जायज आणि देणे नाजायज, ही विसंगती किती काळ चालवायची, याची चर्चा सामंजस्याने व्हायला हवी.

समारोप

बुऱ्हाणपूरच्या चार शतकांत डोळ्यातील फुलाची कारणे बदलत गेली. राजदंड, दुष्काळ, देवी, खुपऱ्या आणि आता यंत्र, शेत व चुन्याची पुडी. यांतील जवळजवळ प्रत्येक कारण टाळता येण्याजोगे होते किंवा आहे. राजदंड काळाने गेला, देवी लसीने, खुपऱ्या पाणी व औषधाने. उरलेली कारणे शिक्षणाने जातील.

येथील सैफिया हमीदिया युनानी तिब्बिया कॉलेजसारख्या संस्थेत ‘ऐन, उज्न, अन्फ’ हा विषय शिकवला जातो. इब्ने सीनाचा ‘गमाम’ आणि आजचा नेत्रविभाग यांना जोडणारे संशोधन तेथून होऊ शकते. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी तर इतके जरी केले तरी पुष्कळ होईल : वर्गातील मुलाच्या डोळ्यातील पांढरा ठिपका पाहून त्याला मागच्या बाकावरून पुढे बसवावे आणि त्याच आठवड्यात पालकांना नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. हकीम सद्राला एका शाहजाद्याच्या डोळ्यांसाठी किताब मिळाला. विणकराच्या मुलाचा डोळा वाचवणाऱ्या शिक्षकाला किताब मिळणार नाही, पण काम तेच आहे.